हॉटेलातलं कोल्ड्रिंक महाग का पडतं आणि बिल देण्याआधी काय तपासायचं

प्रश्न असा आहे: पुण्यात चौघांनी बाहेर जेवायला जायचं म्हटलं तर नुसत्या कोल्ड्रिंकचे तीनशे-चारशे रुपये होतात. कोपऱ्यावरच्या दुकानात वीसला मिळणारी बाटली टेबलवर साठला, ग्लासातलं थम्सअप नव्वदला. हे एमआरपीच्या कायद्यात बसतं का? चाळीस टक्के जीएसटीमुळे असं झालंय का? आणि ग्राहकाच्या हातात काय आहे?

आधी सरळ उत्तर देतो. टेबलवर बसवून वाढलेल्या बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त दर लावणं कायद्याने चालतं. या वाढीत जीएसटीचा वाटा थोडाच आहे. खरी वाढ आहे हॉटेलवाल्याच्या हिशेबात: जेवणावर सुटत नाही ते तो पेयांवर काढतो. आणि ग्राहकाकडे यावर एक चांगलं हत्यार आहे, ते म्हणजे माप. 'केवढ्याला' विचारताना 'किती मिली' हेही विचारलं की बरीचशी फसगत तिथेच थांबते.

बाटलीचा हिशेब

२५० मिलीची प्लॅस्टिकची बाटली घ्या, एमआरपी २० रुपये. हॉटेलला ती एजन्सीकडून साडेसतरा रुपयांना पडते असं धरू. या साडेसतरात साडेबारा रुपये मालाचे आणि पाच रुपये जीएसटीचे, म्हणजे साडेबारावर चाळीस टक्के. दुकानदाराने ही बाटली विकली तर खरेदीवर भरलेले पाच रुपये त्याला आपल्या करातून वळते करून घेता येतात. हॉटेलला येत नाहीत. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या रेस्टॉरंटचा जीएसटी पाच टक्के झाला, पण त्याच दिवसापासून खरेदीवरच्या कराची वजावट, म्हणजे इनपुट क्रेडिट, बंद झालं. त्यामुळे हॉटेलसाठी बाटलीची खरी किंमत साडेसतराच राहते, आणि तुम्हाला विकताना त्यावर पुन्हा पाच टक्के लागतो. करावर कर बसतो तो असा.

आता हा कर दोषी किती ते पाहू. समजा सरकारने उद्या कोल्ड्रिंकचा जीएसटी चाळीसवरून पाच टक्के केला. बाटली हॉटेलला साधारण १३ रुपये १० पैशांना पडेल, म्हणजे फरक चार रुपये चाळीस पैशांचा. साठ रुपयांच्या बाटलीत कराचं वजन एवढंच. 'जीएसटी चाळीस टक्के झाला म्हणून दर वाढवले' असं गल्ल्यावर सांगितलं जातं, ते गॅसच्या पेयांना लागूच पडत नाही. १ जुलै २०१७ पासून त्यांच्यावर २८ टक्के जीएसटी आणि १२ टक्के सेस (वरचा उपकर), असे चाळीसच होते. २२ सप्टेंबर २०२५ ला सेस गेला आणि सरळ ४० टक्क्यांचा टप्पा आला. बेरीज जिथल्या तिथे राहिली. बिनसाखरेच्या कोलालाही हाच दर आहे, त्यामुळे 'डाएट' मागवून कर वाचत नाही. काही बिनगॅसच्या चवदार पेयांवर मात्र त्या दिवशी १८ चे ४० झाले, तिथे वाढ खरी आहे.

उलट त्याच तारखेला काही गोष्टी स्वस्त झाल्या, आणि मेन्यू कार्डावर त्याचा मागमूस क्वचितच दिसतो. बाटलीबंद पाणी १८ वरून ५ टक्क्यांवर आलं. साखर किंवा चव नसलेला साधा सोडाही १८ वरून ५ वर आला. आंब्याची बिनगॅसची पेयं १२ वरून ५ वर आली. रेल्वेने तेव्हा रेल नीरची लिटरची बाटली १५ वरून १४ रुपये केली, ती पुणे स्टेशनवर दिसते. हॉटेलांवर मात्र दर उतरवायची सक्ती नाही. म्हणून तुमच्या नेहमीच्या ठिकाणी फ्रेश लाइम सोडा किंवा पाण्याची बाटली त्यानंतर महागली असेल, तर 'टॅक्स वाढला' हे कारण मान्य करू नका. ते चुकीचं आहे.

साठ रुपये हा आकडा येतो कुठून? हॉटेलच्या धंद्यात मालाचा खर्च विक्रीच्या तीस ते पस्तीस टक्क्यांत बसवायचा, हा जुना ठोकताळा आहे. साडेसतराला साठने भागा, २९ टक्के येतात. म्हणजे साठची बाटली हॉटेलवाल्याच्या वहीत पनीरच्या भाजीसारखीच दिसते. फरक इतकाच की भाजीला आचारी लागतो, गॅस जळतो, कांदा-टोमॅटोचा भाव आठवड्यात दुप्पट होतो, उरलेला माल टाकावा लागतो. बाटलीला यातलं काहीच नाही. फ्रिजमधून काढायची, झाकण उघडायचं, टेबलवर ठेवायची. त्यामुळे बाटलीवर साठ लावणं मला जास्तीचं वाटतं. चाळीस ते पंचेचाळीसमध्ये हॉटेलला नीट सुटतं आणि गिऱ्हाईकही दुखावत नाही.

तरी दर चढतच राहतात, कारण बाकीचे खर्च थांबत नाहीत आणि ते जेवणावर टाकता येत नाहीत. थाळी वीस रुपयांनी वाढवली की शेजारच्या हॉटेलशी तुलना होते. कोल्ड्रिंक वीसने वाढलं तर कोणी हॉटेल बदलत नाही. बाणेर, बालेवाडी हाय स्ट्रीट, कोरेगाव पार्क, एफसी रोड इथली भाडी या हिशेबात मोठी आहेत. दुकानाच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि वजावट नसल्याने तोही अंगावर पडतो. महिना दोन लाख भाडं असेल तर नुसता कर छत्तीस हजार. तो कुठून तरी निघणार, आणि सगळ्यात गुपचूप निघतो तो पेयांच्या पानावरून.

ग्लास, मशीन आणि बर्फ

बाटलीपेक्षा ग्लासात जास्त सुटतं, म्हणून ग्लासावर जास्त लक्ष द्यावं लागतं.

बर्गर-पिझ्झाच्या दुकानांत आणि मोठ्या फूड कोर्टात कोल्ड्रिंक मशीनचं असतं. आत पुठ्ठ्याच्या खोक्यात सिरपची पिशवी, शेजारी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, आणि पाणी थंड करून त्यात गॅस मिसळणारं यंत्र. नळातून साधारण एक भाग सिरप आणि पाच भाग सोडा एकदम पडतात. म्हणजे एक लिटर सिरपचं सहा लिटर पेय होतं. दहा लिटरचं खोकं २,४०० रुपयांना धरलं (हा भाव प्रत्येकाच्या करारानुसार वेगळा असतो, इथे पद्धत महत्त्वाची), तर पेय लिटरला चाळीस रुपये, म्हणजे मिलीला चार पैसे. ग्लासात १६० मिली पेय पडलं तर ६ रुपये ४० पैसे. कागदी ग्लास, झाकण, स्ट्रॉचे चार, बर्फ-वीज-गॅसचे दोन. साडेबारा रुपयांच्या आत सगळं. तेच नव्वदला विकलं की मालाचा खर्च १४ टक्के. बाटलीत तो २९ होता.

'मीडियमचा लार्ज करू का, फक्त तीस रुपये जास्त' हा प्रश्न काउंटरवर इतक्या तत्परतेने येतो तो यामुळेच. वाढीव १२० मिलीला दुकानाचे पाच रुपये जातात. काँबो घेताना उलटा हिशेब करा: काँबोच्या किमतीतून बर्गर आणि फ्राइजची सुटी किंमत वजा करा, उरेल ती पेयाची किंमत. ती साठच्या पुढे जात असेल तर पेय सोडून द्या. आणि जिथे रिफिल मिळतं तिथे दोघांत एक लहान ग्लास घेऊन तोच भरून आणणं सगळ्यात फायद्याचं, पण आधी काउंटरवर विचारा. काही ठिकाणी रिफिल एका ग्लासाला एकाच माणसासाठी असतं.

बर्फाचा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. ग्लास काठोकाठ बर्फाच्या तुकड्यांनी भरला तर निम्म्याहून जास्त जागा बर्फच घेतो. ३०० मिलीच्या ग्लासात तीन चतुर्थांश उंचीपर्यंत बर्फ असेल तर पेय दीडशे ते पावणेदोनशे मिलीच मावतं. मशीनचं पेय नळातून येतानाच तीन-चार अंशाला असतं, त्याला बर्फाची गरज जवळजवळ नसते. म्हणून मशीनच्या ठिकाणी 'बर्फ कमी' किंवा 'बिनबर्फाचं' सांगायला अजिबात संकोच करू नका. नीट चालवलेल्या दुकानात वरपर्यंत भरून देतात. काही ठिकाणी बर्फ काढला तरी पेय त्याच रेषेपर्यंत देतात. तेव्हा रेषा किती मिलीची हे विचारा.

बाटली फोडून ग्लासात ओतून देणाऱ्या हॉटेलात बर्फाचा त्रास दुसऱ्या प्रकारचा आहे. एप्रिल-मे महिन्यात गर्दीच्या वेळी फ्रिज पुरत नाही आणि क्रेट बाहेरच राहतो. बाटली ३० अंशाची, ती बर्फावर ओतली. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल उष्णता लागते, आणि १७० मिली पेय ३० अंशावरून शून्याकडे उतरताना जेवढी उष्णता सोडतं त्यात जवळपास ६४ ग्रॅम बर्फ वितळतो. म्हणजे १७० मिली कोल्ड्रिंकमध्ये ६४ मिली पाणी मिसळलं. तीच बाटली पाच अंशाला थंड असती तर जेमतेम अकरा ग्रॅम वितळला असता. ग्लासातलं कोल्ड्रिंक 'पाणचट' लागतं तेव्हा बहुतेक वेळा भेसळ नसते, गरम बाटली असते. गॅसही याच कारणाने जातो: पाच अंशाच्या पाण्यात जेवढा कार्बन डायऑक्साइड राहतो त्याच्या निम्म्याहूनही कमी तीस अंशाला राहतो, आणि ओतताना फेस होऊन उरलेलाही उडतो. उपाय सोपा: बाटली सीलबंद टेबलवर आणायला सांगा, हात लावून पाहा, कोमट असेल तर परत करा, आणि ग्लासात स्वतः ओता. सील समोर फुटलं की मापाचाही प्रश्न मिटतो.

प्लॅस्टिकच्या बाटलीतून गॅस भिंतीतून हळूहळू झिरपत असतो, आणि बाटली जितकी लहान तितका लवकर, कारण आतल्या मालाच्या मानाने पृष्ठभाग जास्त पडतो. म्हणूनच लहान प्लॅस्टिक बाटलीची मुदत काचेच्या बाटलीपेक्षा कमी असते. गच्चीवर किंवा जिन्याखाली उन्हात ठेवलेला माल मुदतीच्या आतही मिळमिळीत होतो. मुदत वाचा आणि बाटली दाबून पाहा. न उघडलेली बाटली बोटाने सहज दबली तर गॅस गेलाय. ती बदलून मागणं हा तुमचा हक्क आहे. काचेची बाटली अजून ठेवणारी हॉटेलं पेठांत आणि हायवेच्या ढाब्यांवर सापडतात, तिथे तीच मागवा. गॅस टिकतो आणि माप वादातीत असतं.

मशीनच्या पेयात काय बिघडतं तेही सांगतो. रंग फिका आणि चव सोड्यासारखी असेल तर सिरपचं खोकं संपत आलंय. रंग ठीक पण गॅस नाही, तर सिलिंडर संपलाय किंवा पाणी पुरेसं थंड होत नाहीये. नुसताच फेस येत असेल तर पाणी गरम आहे. आंबूस किंवा यीस्टसारखा वास येत असेल तर नळाची टोकं धुतलेली नाहीत; ती रोज रात्री काढून कोमट पाण्याने घासून, निर्जंतुक करून, कोरडी करायची असतात. हॉटेल चालवणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा सिरप आणि सोड्याचं प्रमाण मोजावं. त्यासाठी दोन खणांचा मापाचा कप मिळतो: सिरप एका खणात, सोडा दुसऱ्यात, दोन्ही पातळ्या जुळल्या पाहिजेत. सिरप जास्त पडत असेल तर तुमचे पैसे वाहून जातात, कमी पडत असेल तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. ग्राहकाने यातलं काही जाणवलं तर दोन घोटांतच परत द्यावं. अर्धा ग्लास संपवून केलेली तक्रार कोणी मनावर घेत नाही.

साखळी दुकानांत माप शोधायची एक युक्ती आहे. ज्यांची दहा किंवा जास्त ठिकाणी दुकानं आहेत त्यांनी मेन्यूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी आणि सर्व्हिंगचं माप लिहिणं जुलै २०२२ पासून बंधनकारक आहे. माप बारीक अक्षरात असेल किंवा नसेलच, तर कॅलरीवरून काढा. साध्या साखरेच्या कोलात १०० मिलीला साधारण ४३ कॅलरी असतात. मेन्यूवर ८६ लिहिलं असेल तर ग्लासात पेय सुमारे २०० मिली, मग ग्लास केवढाही दिसो.

रस्त्यावरच्या सोडा-सरबतासाठी बर्फाची एक सूचना. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं महाराष्ट्रात २०१८ पासून सक्तीचं आहे. निळसर बर्फ ग्लासात दिसला तर पिऊ नका, आणि बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून जमिनीवर ठेवलेली दिसली तरी नकोच.

एमआरपीचा कायदा कुठे चालतो आणि कुठे नाही

१२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने निकाल दिला की हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बाटली वाढणं ही नुसती वस्तूची विक्री नाही, त्यात जागा, सेवा, वातावरण सगळं मिसळलेलं आहे. म्हणून वैधमापन शास्त्र कायद्याखाली, म्हणजे वजन-मापांच्या कायद्याखाली, एमआरपीपेक्षा जास्त घेतल्याची कारवाई तिथे होत नाही. खटला बाटलीबंद पाण्याचा होता, तर्क कोल्ड्रिंकला तसाच लागू पडतो. त्यामुळे टेबलवर वेटरशी एमआरपीवरून भांडण्यात अर्थ नाही. मेन्यूवर दर लिहिलेला असेल आणि तोच लावला असेल तर तो वैध आहे. मेन्यूवर दर नसेल, किंवा लिहिलेल्यापेक्षा जास्त लावला असेल, तर मात्र तुमची बाजू भक्कम आहे. म्हणून मेन्यूच्या पेयांच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

दुकान, टपरी, मेडिकल, मिठाईच्या दुकानाचा काउंटर, एक्सप्रेसवेच्या फूड मॉलमधलं पाकीटबंद मालाचं दुकान, इथे एमआरपीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही. 'थंड करायचे दोन रुपये' हेही बेकायदा आहे. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यामुळे तिथे वर जीएसटी लावणंही चुकीचं. एकाच मालकाचं हॉटेल आणि बाहेर काउंटर असेल तर टेबलवर वाढलेली बाटली सेवेत धरली जाते. काउंटरवरून नुसती बाटली घेऊन चालू लागलात तर ती वस्तूची विक्री ठरते, आणि तिथे एमआरपीचाच आग्रह धरा. जेवणाबरोबर पार्सल नेलेल्या बाटलीबाबत वाद होतात. म्हणून पार्सलमध्ये कोल्ड्रिंक घेऊच नये, खालच्या किराणा दुकानातून घ्यावं, हा माझा सल्ला.

ॲपवरून मागवतानाही तेच. कमिशन पंचवीस टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर वीसला विकलेल्या बाटलीतून हॉटेलच्या हातात १४ रुपये १० पैसे येतात, आणि ती साडेसतराला घेतलेली असते. पंचविशीच्या खाली विकणं म्हणजे तोटा. म्हणून ॲपवरचे दर चढेच राहणार.

एकाच मापाच्या, एकाच पॅकच्या बाटलीवर दोन वेगळ्या एमआरपी छापायला १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. माप किंवा पॅक वेगळं असेल तर दर वेगळा असू शकतो, म्हणून कॅन आणि बाटलीची तुलना मिलीवर करा. कॅन पूर्वी ३३० मिलीचे असायचे, आता बहुतेक ३०० चे दिसतात.

मल्टिप्लेक्सबाबत २०१८ मध्ये पुण्यात आंदोलनं झाली आणि बाहेरचे पदार्थ आत नेता येतील अशी चर्चा बरीच झाली. आजची स्थिती सर्वोच्च न्यायालयाच्या ३ जानेवारी २०२३ च्या निकालाने ठरते: बाहेरचे पदार्थ आणू द्यायचे की नाही हे थिएटर ठरवू शकतं, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यावंच लागतं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवता येत नाही. पाणी कुठे आहे हे विचारून घ्या.

बिल कसं वाचायचं

जेवणाबरोबरच्या कोल्ड्रिंकवर रेस्टॉरंटच्या बिलात पाच टक्केच जीएसटी लागतो, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये कोल्ड्रिंकची ओळ कधी कधी २८ किंवा ४० टक्क्यांवर टाकलेली सापडते. ती चूक आहे, काढायला लावा. ज्या मोठ्या हॉटेलांच्या खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर आहे तिथल्या रेस्टॉरंटचा दर १८ टक्के असतो. लहान खानावळ कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या ठोक कराच्या योजनेत असेल तर तिला ग्राहकाकडून जीएसटी घेताच येत नाही, आणि तसं बिलावर लिहावं लागतं. महाराष्ट्रातला जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो आणि पंधरा अक्षरांचा असतो; क्रमांक नसताना कर लावला असेल तर देऊ नका.

सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्यावर हॉटेल संघटना अपिलात गेल्या. हा चार्ज पेयालाही चिकटतो: साठची बाटली, दहा टक्के सर्व्हिस चार्जने ६६, त्यावर पाच टक्के जीएसटीने ६९ रुपये ३० पैसे. बाटलीचा जास्त दर 'सेवेसाठी' घेतला जातो, मग त्याच सेवेचे पुन्हा पैसे का द्यायचे? कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, शांतपणे 'सर्व्हिस चार्ज काढून द्या' म्हणा.

परमिट रूममध्ये दारूवर जीएसटीऐवजी व्हॅट (राज्याचा विक्रीकर) लागतो, नोव्हेंबर २०२३ पासून दहा टक्के. सोडा, कोला, पाणी यावर मात्र जीएसटी पाच टक्के. दारूत मिसळायच्या या पेयांच्या ओळी व्हॅटच्या गटात ढकललेल्या नाहीत ना, तेवढं पाहा. आणि रिकाम्या बाटल्या टेबलवरून उचलू देऊ नका, बिलाशी मोजता येतात.

काय मागवावं

पैशांपुरतं बोलायचं तर पुण्यात ताकाला तोड नाही. किलोभर दह्याचं तीन लिटर ताक होतं; दही ८० रुपये धरलं तर २०० मिलीचा ग्लास साडेपाच रुपयांच्या आत पडतो. तीस-चाळीसला विकलं तरी हॉटेलला चांगलं सुटतं आणि तुमचे कोल्ड्रिंकपेक्षा वीस-तीस रुपये वाचतात. शिवाय इथली खानावळ ताक रोज करते, ते शिळं मिळण्याची शक्यता कमी. कोकम सरबतही असंच स्वस्त पडतं. सोलकढीचा दर वाढला असेल तर ते समजण्यासारखं आहे, कारण २०२५ मध्ये नारळ खरोखरच महागला. फ्रेश लाइम सोड्याला मात्र नव्वद-शंभर देऊ नका: सोडा, एक लिंबू आणि चमचाभर साखर मिळून बारा रुपयांचा माल आहे. लिंबं एप्रिल २०२२ सारखी भडकली तर गोष्ट वेगळी, पण तेव्हा वाढलेला दर पावसाळ्यात खाली आणणारी हॉटेलं फार थोडी. मॉकटेल हे बहुतेक ठिकाणी सिरप, सोडा आणि बर्फच असतं. दोनशे रुपये द्यायचे तर आत ताजं फळ आहे का ते विचारा.

चार-सहा जण असाल आणि कोल्ड्रिंकच हवं असेल तर ७५० मिलीची बाटली मिळते का विचारा. मेन्यूवर नसली तरी फ्रिजमध्ये अनेकदा असते. ती दीडशेला जरी दिली तरी पाच ग्लास होतात, प्रत्येकी तीस रुपये. पाणी मागताना 'साधं' असा शब्द स्पष्ट वापरा, नाहीतर वेटर सीलबंद बाटली उघडूनच ठेवतो. उघडायच्या आत परत केली तर बिलात धरता येत नाही.

मंगल कार्यालयात किंवा वाढदिवसाच्या हॉलमध्ये कोल्ड्रिंक ताटावर ठरवू नका, वापरावर ठरवा. दोन लिटरच्या बाटलीतून १८० मिलीचे अकरा ग्लास निघतात. शंभर पाहुण्यांत साठ-सत्तर जणच घेतात असं धरून सात बाटल्या मागवा, दोन राखीव. करारात लिहून घ्या की न उघडलेल्या बाटल्या परत जातील आणि बिल रिकाम्या मोजून होईल. सुरू होताना भरलेल्या आणि संपल्यावर रिकाम्या बाटल्या मोजायला घरातला एक माणूस नेमा. काचेच्या बाटल्या असतील तर क्रेटमध्ये २४ धरतात; फुटलेल्या आणि हरवलेल्या बाटलीचं डिपॉझिट किती कापणार तेही आधीच ठरवा, कारण भांडण तिथेच होतं. बाहेरून माल आणायला हॉलवाले वेगळे पैसे मागतात. ती रक्कम आणि हॉलच्या दरातली बचत समोरासमोर मांडून मगच हो म्हणा.

तक्रार करायची असेल तर पैसे भरून पक्कं बिल घ्या. मेन्यूच्या पानाचा, बाटलीच्या लेबलचा (एमआरपी, माप, मुदत, बॅच) आणि बिलाचा फोटो काढा. पहिल्यांदा मॅनेजरला दाखवा. कोल्ड्रिंकच्या बाबतीत बहुतेक जण ओळ काढून देतात. नाही दिली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. दुकानाने एमआरपीच्या वर घेतलं असेल तर जिल्ह्याच्या वैधमापन निरीक्षकाकडे द्या, तिथे कारवाई सरळ होते. रक्कम आणि मनस्ताप दोन्ही मोठे असतील तर पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे.